मोटारीच्या ब्रेकची देखभाल

हा लेख कुटुंबाच्या वापरातील चारचाकी मोटारीविषयी आहे. ट्रक व बस यांच्या हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा उल्लेख येथे प्रसंगोपात्तच केला आहे.

मोटारीच्या ब्रेकची देखभाल म्हणजे मोटार थांबवणाऱ्या यंत्रणेतील झिजणारे भाग ठरावीक काळाने तपासणे व बदलणे, तिच्यातील द्रव नवा भरणे आणि हलणारे भाग मोकळे राखणे. गॅरेजच्या भाषेत हे सारे ‘ब्रेकचे काम’ या दोन शब्दांत येते. व्यवहारात मात्र या कामाचा अर्थ पॅड व लायनर बदलणे एवढाच उरला आहे. घाटउतारावर ब्रेक निकामी होतात, तेव्हा त्याचा संबंध पॅडच्या जाडीइतकाच उष्णतेशी आणि वर्षानुवर्षे न बदललेल्या ब्रेक ऑइलशी असतो. हा दुसरा भाग डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो राहून जातो.

या देखभालीला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. भारतात खासगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांसाठी होते आणि त्या काळात तिच्या ब्रेकची कोणतीही सक्तीची नियतकालिक तपासणी होत नाही. धुराची तपासणी नियमित करून प्रमाणपत्र जवळ बाळगावे लागते. ब्रेकची जबाबदारी १५ वर्षे सर्वस्वी मालकाची असते.

संज्ञा

‘ब्रेक’साठी मराठीत ‘गतिरोधक’ ही संज्ञा सुचवली जाते. परंतु बोलण्यात गतिरोधक म्हणजे रस्त्यावर आडवा घातलेला उंचवटा हा अर्थ इतका रुळला आहे, की मोटारीच्या भागासाठी तो शब्द वापरल्यास वाचकाचा गोंधळच व्हावा. म्हणून या लेखात ‘ब्रेक’ हाच शब्द ठेवला आहे. ‘ब्रेक ऑइल’ हे नावही असेच रूढ आहे. वस्तुतः हा द्रव खनिज तेल नसून सामान्यतः ग्लायकॉल वर्गातील रसायनांचा असतो. हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे पुढे दिसेल.

रचना व कार्य

चालकाने पायाने दिलेला दाब तरफेच्या तत्त्वाने वाढून मास्टर सिलिंडरमधील दट्ट्यावर पडतो. तेथून तो बंद नळ्यांतील द्रवामार्फत चारही चाकांपर्यंत पोहोचतो. बंद द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो, या पास्कलच्या नियमावर ही रचना उभी आहे. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, म्हणूनच पायाचा जोर वाया न जाता चाकाशी उमटतो. नळीत हवेचा किंवा वाफेचा बुडबुडा शिरला, की तो दाबला जातो आणि पायाचा जोर बुडबुडा चेपण्यातच संपतो. ब्रेकच्या अनेक दोषांचे मूळ या एका गोष्टीत आहे.

आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक व मागच्या चाकांना ड्रम ब्रेक असतात. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी कॅलिपरमधील दोन पॅड दोन्ही बाजूंनी आवळतात. ड्रम ब्रेकमध्ये चंद्रकोरीच्या आकाराचे दोन शू आतून बाहेरच्या दिशेला पसरून ड्रमवर घासतात. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात आणि पुढचे पॅड आधी झिजतात. पायाचा जोर वाढवण्यासाठी इंजिनाच्या निर्वातावर चालणारा बूस्टर असतो. इंजिन बंद केल्यावर बूस्टरमध्ये साठलेला निर्वात दोनतीन वेळा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो. नंतर पेडल दगडासारखे कडक होते. उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करण्याची काहींची सवय किती घातक आहे, हे यावरून समजावे.

द्रवाच्या वाहिन्या दोन स्वतंत्र गटांत विभागलेल्या असतात. एक गट फुटला तरी दुसऱ्यावर गाडी थांबावी, हा त्यामागील हेतू. अशा वेळी पेडल बरेच खोल जाते आणि गाडी थांबायला अंतरही जास्त लागते, पण ती थांबते. हँडब्रेक हा तारेने चालणारा वेगळा मार्ग असून तो बहुधा मागच्या चाकांवर काम करतो.

पूर्वपीठिका

लुई रेनो यांनी १९०२ मध्ये ड्रम ब्रेक वापरात आणला. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण तो मोटारींत रुळायला अर्धे शतक जावे लागले. चारही चाकांना द्रवचलित ब्रेक १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत आले. १९५३ साली डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने ल मां येथील शर्यत जिंकली, त्यानंतर त्याकडे साऱ्यांचे लक्ष गेले.

महाराष्ट्रात ज्यांनी ॲम्बेसेडर किंवा मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजेच पुढची प्रीमियर पद्मिनी, चालवली त्यांना चारही चाकांचे ड्रम ब्रेक ठाऊक आहेत. त्या गाड्यांचे ब्रेक अधूनमधून ‘आवळून’ घ्यावे लागत. कटकट होती खरी, परंतु त्या निमित्ताने मिस्त्रीची नजर चाकाच्या आत जात असे. स्वतःहून जुळणाऱ्या ब्रेकमुळे हा त्रास गेला आणि त्याबरोबर ती नजरही गेली.

उष्णता आणि उतार

ब्रेक गाडीची गतिज ऊर्जा नष्ट करत नाही, तिचे उष्णतेत रूपांतर करतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ६० किलोमीटरच्या तुलनेत ताशी १२० किलोमीटर वेगातील गाडी थांबवताना चौपट उष्णता निर्माण होते. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून हा दुसरा वेग कोपरगाव तालुक्यातील सामान्य कुटुंबाच्याही आटोक्यात आला आहे, तेव्हा हे गणित आता पाठ्यपुस्तकातले राहिलेले नाही.

उताराचे गणित याहून बोलके आहे. माणसे व सामान धरून १५०० किलोग्रॅम वजनाची मोटार २०० मीटर उंचीचा घाट उतरली, तर सुमारे २९ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी ६० किलोमीटर वेगातील हीच गाडी पूर्ण थांबवायला सुमारे २ लाख ८ हजार ज्यूल लागतात. म्हणजे तो एक घाट केवळ ब्रेकवर उतरणे हे धावती गाडी चौदा वेळा लागोपाठ थांबवण्यासारखे आहे. एवढ्या उष्णतेत नऊ लिटरांहून अधिक पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. हवेचा व रस्त्याचा रोध यातील काही भाग घेतो. उरलेला भाग तबकड्या, ड्रम आणि त्यांना चिकटून असलेल्या द्रवाला सोसावा लागतो.

ब्रेक तापले की दोन निरनिराळे दोष उद्भवतात आणि चालकाला ते वेगळे ओळखता आले पाहिजेत. पॅडचे घर्षण उष्णतेने कमी झाले, तर पेडल घट्टच लागते, पण गाडी हवी तशी थांबत नाही. शिवाय जळका वास येतो. द्रव उकळून त्याची वाफ झाली, तर पेडल थेट खाली जाते. पहिला दोष हळूहळू जाणवतो. दुसरा एका वळणावर ठीक वाटतो आणि पुढच्या वळणावर येतो.

यावरचा उपाय देखभालीइतकाच चालवण्याचा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा दंडक शास्त्रालाही धरून आहे, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडी अडवते. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही खालचा गिअर राखण्याची सोय असते. पाय सतत पेडलवर टेकवून ठेवू नये. मोजका, ठाम दाब देऊन वेग उतरवावा आणि पाय उचलावा, म्हणजे ब्रेकला निवायला अवकाश मिळतो. ब्रेक जास्त तापल्याची शंका आल्यास सुरक्षित जागी थांबावे. तापलेल्या चाकांवर पाणी मात्र ओतू नये. तबकडीला तडा जाऊ शकतो.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका मालवाहू वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. चालकाने उतारावर इंजिन बंद केले होते, असे प्राथमिक तपासाच्या आधारे त्या वेळी सांगण्यात आले. जड वाहनांत हवेचा दाब इंजिनावर चालणाऱ्या कॉम्प्रेसरमधून येतो, मोटारीत बूस्टरचा निर्वात इंजिनाकडून येतो. रचना वेगळी असली तरी उतारावर इंजिनाशी संबंध तोडू नये हा नियम दोन्हींना लागू आहे.

ब्रेक ऑइल

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. हा दोष नव्हे, एका अर्थी गुण आहे. ओलावा द्रवात मिसळून गेला नाही, तर पाण्याचे थेंब एका जागी साठून गंज धरतील. परंतु पाणी मिसळले की उत्कलनबिंदू झपाट्याने उतरतो. डॉट ३ प्रतीच्या नव्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर तो किमान १४० अंश असावा अशी अपेक्षा असते. डॉट ४ साठी हे आकडे २३० व १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० व १८०. गाव ते शेत आणि शेत ते बाजार अशा सपाट फेऱ्यांत जुना द्रवही चालून जातो. तो पहिल्यांदा उघडा पडतो तो घाटात.

म्हणून किलोमीटर कितीही कमी झालेले असोत, साधारण दर दोन वर्षांनी हा द्रव पूर्ण बदलावा असे बहुतेक निर्माते सांगतात. दारात उभ्या असणाऱ्या गाडीच्या मालकाला हा खर्च अनाठायी वाटतो, पण ओलावा किलोमीटर मोजत नाही.

गाडीच्या पुस्तिकेत व टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिलेली असते, तीच वापरावी. डॉट ५ हा सिलिकोनवर आधारलेला निराळा द्रव आहे. नावातील आकड्यांच्या साम्यावरून तो ५.१ मध्ये किंवा ४ मध्ये मिसळू नये. डबा एकदा उघडला की उरलेला द्रव महिनोन्‌महिने कपाटात ठेवून पुन्हा वापरणे योग्य नाही. इंजिन ऑइल, रॉकेल, डिझेल यांचा अंशही या यंत्रणेत जाता कामा नये. खनिज तेलाने आतील रबरी वॉशर फुगतात व निकामी होतात, आणि मग एकच भाग नव्हे तर सगळी वॉशर किट बदलावी लागतात. ‘ऑइल’ या शब्दाचा गोंधळ येथे महागात पडतो. हा द्रव गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच भरपूर पाण्याने धुवावा, अन्यथा रंग उतरतो.

टाकीतील पातळीकडेही समजून पाहावे लागते. पॅड झिजत जातात तसतसे दट्ट्ये बाहेर सरकतात आणि पातळी हळूहळू उतरते. ती झिजेची खूण आहे. पातळी कमी दिसताच वरून भर घातली, की ही खूणच पुसली जाते. पातळी अचानक उतरली असेल, तर गळती शोधल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये.

गॅरेजमधील काम

व्यवस्थित काम चारही चाके उतरवूनच होते. गाडी केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या आधारावर घ्यावी. पॅडवरील घर्षणद्रव्याची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास आली असल्यास पॅड बदलतात. एकाच चाकाचे पॅड कधीही बदलत नाहीत. एका धुरीवरील दोन्ही बाजूंचे एकत्र बदलतात, अन्यथा गाडी एका अंगाला ओढते. तबकडीची किमान जाडी व ड्रमचा कमाल व्यास निर्मात्याने ठरवलेला असतो आणि बहुधा त्या भागावरच कोरलेला असतो. लेथवर घासून तबकडी गुळगुळीत करता येते, परंतु त्या मर्यादेपलीकडे गेलेली तबकडी घासून आणणे म्हणजे पैसे देऊन धोका विकत घेणे होय.

ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते तो भाग म्हणजे कॅलिपर सरकण्याच्या पिना. धूळ व वाळलेले ग्रीस यांमुळे त्या जाम होतात. मग दोनपैकी एकच पॅड झिजतो, चाक गरम राहते, गाडी जड चालते. नवे पॅड बसवूनही महिन्याभरात तीच तक्रार आली, तर दोष पॅडचा नसून बहुधा पिनांचा किंवा अडकलेल्या दट्ट्याचा असतो. पिनांना ब्रेकसाठीचे, उष्णता सोसणारे ग्रीसच लावावे.

चाकाजवळची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती सोडून द्यायला हवी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. गॅरेजमध्ये काम शिकणारी पोरे दिवसभर त्या धुळीत वाकलेली असतात. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने पुसणे हाच योग्य मार्ग.

नळ्यांतील हवा काढताना, म्हणजे ‘एअर काढताना’, सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असल्याने हे चाक बहुधा मागचे डावे असते. ज्या गाड्यांत वाहिन्या कर्णरेषेत विभागलेल्या आहेत किंवा एबीएस आहे, तेथे पुस्तिकेतील क्रम पाळावा. काम चालू असताना टाकी रिकामी होऊ देऊ नये. नळीतून बाहेर आलेला द्रव कितीही स्वच्छ दिसला तरी पुन्हा टाकीत ओतू नये. तो हवेच्या बारीक बुडबुड्यांनी भरलेला असतो.

पॅड बसवताना दट्ट्या मागे ढकललेला असतो. त्यामुळे काम झाल्यावर गाडी जागेवर उभी असतानाच पेडल घट्ट लागेपर्यंत अनेकदा दाबावे लागते. हे विसरल्यास गॅरेजच्या दारातून बाहेर पडताना पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. मालकाने किल्ली घेताना आधी पेडल दाबून पाहणे यात मिस्त्रीवरचा अविश्वास नाही. नवे पॅड तबकडीशी जुळायलाही थोडा वेळ लागतो, म्हणून पहिल्या काही दिवसांत अगदी जोराचे ब्रेक शक्यतो टाळावेत. घाटाच्या प्रवासाच्या आदल्या संध्याकाळी पॅड बदलून घेणे त्यामुळे तितकेसे शहाणपणाचे नाही.

बिघाडाची लक्षणे

पेडल मऊ, स्पंजासारखे लागत असेल, तर नळ्यांत हवा असते. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल आणि बाहेर गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील वॉशर झिजलेले असतात. बारीक किंकाळीसारखा आवाज हा बहुधा पॅड संपत आल्याचा इशारा असतो. कराकरा आवाज येऊ लागला, की पॅडची पाठ तबकडी खाऊ लागली असे समजावे. ब्रेक लावताना पेडल व स्टिअरिंग थरथरते, तेव्हा तबकडीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. एबीएस असलेल्या गाडीत जोराचा ब्रेक लावल्यावर पायाखाली येणारी धडधड मात्र बिघाड नव्हे. त्या वेळी घाबरून पाय उचलण्याची चूक नवशिके करतात. पाय दाबूनच ठेवायचा असतो.

बूस्टर घरच्या घरी तपासता येतो. इंजिन बंद असताना चारपाच वेळा पेडल दाबावे, मग ते दाबून धरूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले, तर बूस्टर ठीक आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील परिस्थिती

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्यात ब्रेकची परीक्षा पाहणाऱ्या जवळजवळ सर्व परिस्थिती एकत्र आढळतात. पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्रीचा मुसळधार पाऊस, कळसूबाई व भंडारदऱ्याकडचे चढउतार. पूर्वेला व दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, श्रीगोंदा या अवर्षणप्रवण भागात धूळ. धुळीने पिना जाम होतात, पावसाने ड्रममध्ये पाणी व चिखल साठतो. पाण्यातून गाडी काढल्यावर हळू वेगात ब्रेक थोडा थोडा दाबून ते कोरडे करावेत.

जिल्ह्याचा बराचसा भाग पठारी आहे, आणि धोक्याचे मर्म यातच आहे. रोजच्या प्रवासात ब्रेक कधी तापत नाहीत. पाथर्डीच्या वाटेवरील करंजी घाट, संगमनेरच्या दक्षिणेचा चंदनापुरी घाट, छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरील इमामपूर घाट हे आटोपशीर घाट आहेत. पण मुंबईकडे निघालेले कुटुंब आळेफाट्यावरून माळशेज घाटात किंवा सिन्नर, घोटीमार्गे कसारा घाटात उतरते, तेव्हा वर्षभर सपाटीवर फिरलेली गाडी, भरलेली डिकी आणि जुने ब्रेक ऑइल या तिन्ही गोष्टी एकाच उतारावर एकत्र येतात. लग्नसराई आणि सुट्ट्यांच्या आधी पॅडबरोबर द्रवही पाहून घ्यावा तो यासाठी.

ऊसगाळपाच्या हंगामात रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्यांची वर्दळ असते. रात्री मागे दिवा नसलेली ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते आणि सगळा भार मागच्या मोटारीच्या ब्रेकवर पडतो. शिर्डीच्या गर्दीत दर काही फुटांवर थांबावे लागते. त्याने पॅड झिजतात, पण वेग कमी असल्याने धोका तुलनेने थोडा.

चाचणी व कायदा

संरक्षण संशोधन व विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास संस्था याच जिल्ह्यात, शहरालगत वाहननगर येथे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनांच्या नव्या नमुन्यांची चाचणी घेण्याचा अधिकार असलेल्या संस्थांत तिचा समावेश होतो; पुण्याची एआरएआय ही अशीच दुसरी संस्था. नमुन्याच्या मंजुरीत ब्रेकची कसोटी असते. मात्र ही कसोटी नमुन्याची, आणि तीही नवा असतानाची.

ब्रेकविषयीच्या अटी त्याच नियमावलीच्या नियम ९६ मध्ये आहेत. असुरक्षित स्थितीतील वाहन रस्त्यावर आणणे हा मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० खाली गुन्हा आहे. व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी व पुढे दरवर्षी घ्यावे लागते. खासगी मोटार मात्र १५ वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठीच तपासनिसासमोर उभी राहते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. जिल्ह्यात हे काम नोंदणीच्या मालिकेनुसार अहिल्यानगर (एमएच १६) व श्रीरामपूर (एमएच १७) येथील परिवहन कार्यालयांत होते.

नव्या गाड्या

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत एबीएस सक्तीचे आहे. ते चाके जखडू देत नाही, म्हणून जोराच्या ब्रेकमध्येही स्टिअरिंग हाती राहते. झिजलेल्या पॅडला किंवा गुळगुळीत टायरला ते घर्षण देऊ शकत नाही, आणि सुट्या खडीवर थांबण्याचे अंतर त्याने कधी कधी वाढतेही. विजेवर चालणारा हँडब्रेक असलेल्या गाड्यांचे मागचे पॅड बदलताना दट्ट्या जोराने मागे ढकलल्यास मोटर तुटते. संगणकी उपकरण जोडून तो आधी सैल करावा लागतो आणि प्रत्येक गॅरेजमध्ये ही सोय असेलच असे नाही. विद्युत मोटारींत वेग कमी करण्याचे बरेच काम चालक मोटरच करते. त्यांचे पॅड फार दिवस टिकतात, पण वापराअभावी तबकडीवर गंज धरतो व पिना अडकतात. ब्रेक ऑइलमध्ये ओलावा त्यांच्यातही तसाच शिरतो, आणि द्रव बदलण्याची मुदत त्यांच्याही पुस्तिकेत दिलेली असते.